उस्तादाने गाडी थांबवली

मस्कतमध्ये मी एका ड्रायव्हिंग ट्रेनिंगच्या ऑफिसात होते तेव्हाची ही गोष्ट. नव्वदच्या दशकातली, आमच्यापैकी कुणाकडेच मोबाईल नव्हता तेव्हाची. तेल कंपन्यांच्या ड्रायव्हरांना कच्च्या रस्त्यावर गाडी सांभाळायला शिकवणारा आमचा ट्रेनर अमेरिकन होता. मक्याच्या शेतांमधल्या कुठल्याशा लहान गावचा. तिथल्या मातीच्या ट्रॅकवर शर्यती जिंकता जिंकता तो पगारी रेसर झाला होता. ड्रायव्हर त्याला उस्ताद म्हणत, म्हणून मीही. तो इंग्रजीत सांगायचा, मी ते हिंदीत करायचे.

त्या दिवशी क्लास रुस्ताकला होता, मस्कतपासून दीड-दोन तासांवरच्या डोंगराकडच्या गावी. नवरा वाळवंटात साइटवर, आणि एरवी मुलीला बघणारी शेजारीण सुट्टीवर केरळला गेलेली. आठ वर्षांची माझी पोर दोन वाजता स्कूल बसने माबेलाला, आमच्या घराशी, उतरणार आणि घराची किल्ली माझ्या पर्समध्ये. दोनच्या आत घरी सोडतो, असं उस्तादाने कबूल केलं होतं. बाराला निघालो. डोंगरावर काळं भरून आलं होतं, आमच्यावर एक थेंब नव्हता.

अर्ध्या तासाने वादी लागली. एरवी कोरडी ठणठणीत नदी. रस्ता तिच्या पात्रातूनच जातो. त्या दिवशी तिच्यातून गढूळ पाणी वाहत होतं, फार तर गुडघाभर. उस्तादाने गाडी थांबवून इंजिन बंद केलं. खाली उतरला, पाण्यापासून वर चढावर थोड्या थोड्या अंतराने तीन दगड मांडले आणि परत येऊन बसला.

पाणी पहिल्या दगडाला लागलं तेव्हा मागून बकऱ्या भरलेला पिकअप आला. न थांबता पाण्यात शिरला आणि पलीकडे चढूनही गेला. मी म्हटलं, बघा, गेला तो. उस्तादाची नजर दगडांवरच होती. मी मुलीचं पुन्हा सांगितलं. मागे रुस्ताकला जाऊन फोन करावा तर तोवर शाळा सुटली असती, आणि बंद घरात फोन कोण उचलणार? तो म्हणाला, ठाऊक आहे. तेव्हा माझा तोल सुटला.

"रेसर ना तुम्ही? एवढ्या पाण्याला घाबरता?"

"हो," तो म्हणाला.

मग समोर बघतच त्याने सांगितलं. मोठ्या ट्रॅकवरचं त्याचं तिसरं वर्ष. वळणावर कुठेतरी धडक झाली आणि धुरळ्याचा पडदा उभा राहिला. पुढची गाडी त्यात घुसून पार झाली, म्हणून यानेही ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला नाही. आत एक गाडी आडवी उभी होती. तिच्यात याच्याच शेजारच्या शेतावरचा माणूस होता, याला पहिल्यांदा ट्रॅकवर नेणारा. याच्या धडकेत त्या माणसाचा पाय कायमचा गेला. त्यानंतर उस्ताद आणखी दोन वर्षं शर्यतीत उतरला, पण वळण आलं की पाय आपोआप वर यायचा. गाडीच्या मालकांनी दुसरा ड्रायव्हर घेतला.

तो बोलत असतानाच एक लहान कार आली. आत नवरा-बायको, मागे दोन मुलं, आपलेच लोक. कार थेट पाण्याकडे निघाली. उस्ताद धावत जाऊन तिच्यासमोर उभा राहिला. तो माणूस काच खाली करून हिंदीत तावातावाने बोलू लागला. आत्ताच पिकअप गेलेला त्याने लांबून पाहिला होता.

उस्ताद मला म्हणाला, "मॅडम, यांना सांगा."

मला स्वतःलाच पलीकडे जायचं होतं. मागच्या सीटवर माझ्या मुलीएवढी एक मुलगी बिस्किट खात होती. मी त्या माणसाला म्हटलं, "भाईसाब, मेरी बच्ची भी उस पार है. फिर भी हम रुके हैं."

त्याने कार बाजूला घेतली. पाऊण तासात तिन्ही दगड पाण्याखाली गेले, आणि मग वरून झाडंच्या झाडं वाहत आली.

पाणी उतरायला पाच वाजले. माबेलाला पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. पोर दाराशी पायरीवर बसली होती, दप्तर मांडीवर धरून. युनिफॉर्मचा स्कर्ट ओला होता. बाथरूमसाठी कुणाचं दार वाजवायचं हे तिला कळलं नव्हतं.

"मम्मी, मी कुठे नाही गेली," ती म्हणाली. "तू बोललेली ना, जायचं नाही."

मी तिला उचललं. उस्ताद फाटकाशी उभा होता. त्याचं बरोबर होतं हे मला वादीकाठीच कळलं होतं, तरी त्याच्याकडे वळून बघणं माझ्याच्याने होईना. मी दार लावून घेतलं.

पुढे कितीतरी दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले. त्याने ते मुकाट्याने चालवून घेतलं. दोनेक वर्षांनी तो गावी परत गेला, दर नाताळला पत्र पाठवायचा. उत्तर माझी मुलगीच लिहायची, इंग्रजीत. मी खाली नुसती सही करायचे.