औंढ्याच्या जत्रेतली चाळशी

मायला चाळशी मी निवडून दिली, आणि तीही तिच्या डोळ्यांना नव्हे, माझ्या डोळ्यांना लावून बघून. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढं सांगताना माझा धीर सुटायचा.

आमचं गाव कुरुंदा. घरी हळद, ढोरं, दहा माणसांच्या भाकरी. त्यातून दुपारी घटकाभर वेळ मिळाला की माय काचमणी घेऊन बसायची. मोहरीएवढे मणी, त्यात जेमतेम शिरेल एवढी बारीक सुई, आणि समोर सुपात रंग वेगवेगळे करून ठेवलेले. गावातल्या निम्म्या दारांवर तिच्या हातचे राघू-मोर होते. हौस म्हणून करायची, मागेल त्याला द्यायची. पण चाळिशी उलटली आणि हात लांब करकरून धरलं तरी तिला सुईचं नेढं सापडेना. माझ्या रुखवताचं तोरण अजून करायला घ्यायचं होतं. एक दिवस सूप बाजूला सारून म्हणाली, "झालं बाई माझं. आता न्हाई दिसत." आणि पदर तोंडाला लावून रडली. त्याआधी मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं.

मी पंधरा वर्षांची, तोंडानं फटकळ. म्हटलं, "रडतीस काहून? चाळशी घेऊ की!"

शिवरात्रीला बैलगाडीनं औंढ्याला गेलो. देवळाच्या वाटेवर एक चष्मेवाला लाकडी पेटीत तारेचे चष्मे मांडून बसला होता. वडिलांकडचं सगळं गणगोत तिथंच फिरत होतं. त्यांच्यादेखत बाईमाणसानं नाकावर चष्मा चढवायचा म्हणजे मायला मेल्याहून मेल्यासारखं. ती गाडीपाशी थांबली आणि मलाच पाठवलं. चष्मेवाला म्हणाला, "किसके वास्ते? अम्मा के? तो अम्मा को लाव."

बराबर बोलला होता बिचारा. पण मी कुणाचं ऐकलंय कधी! "मीच बघते," म्हटलं, आणि एकेक लावत गेले. पहिले चार-पाच लावले तर सगळं धुरकट, डोकं गरगरायला लागलं. पुढचा लावला आणि बाई गं! शिखरावर बसलेलं पाखरू दिसलं. चिंचेचं पान न् पान सुटं दिसलं. लांब उभ्या बाबांच्या मिशीतले पांढरे केस दिसले. एवढं लांबचं दाखवतो, तर हातातल्या मण्याची काय कथा? धावतच नेऊन मायला दिला आणि काय काय दिसलं ते एका दमात सांगितलं.

मायनं तो लावला आणि माझ्याकडं बघत राहिली. "ह्याच्याआधी ते पाखरू दिसत न्हवतं तुला?"

"शिखरावरचं पाखरू खालून कुणाला दिसतं का, माय!"

तिनं चष्मा नाकावर नीट बसवला. मग म्हणाली, "चांगला हाय. बराबर दिसतंय." आणि हळू आवाजात म्हणाली, "हे पाखराबिखराचं कुणापाशी बोलू नको."

पुढं दोन वर्षं ती तोरण करत होती, आणि मी तिच्या राशीला लागले होते. चष्मा काढून ठेवलेला दिसला की माझा पारा चढायचा. "आणलाय कशाला मग? घाल!" ती मुकाट्यानं घालायची. मणी बोटांनी चाचपायची, सुई बोटात घुसली की बोट तोंडात धरायची. हिरव्याच्या जागी निळा मणी गेला की मी ओरडायचे, "लक्ष कुठं असतं तुझं?" देवा, काय तोंड होतं माझं!

लग्न झालं, मी सेनगावकडं सासरी आले. रुखवतात तोरण मांडलं होतं. राघू अर्धा निळा, मोराला दोन चोची, आणि एक बाजू चार बोटं आखूड. सासरची एक बाई म्हणाली, "विहीणबाईंनी झोपेत केलं वाटतं!" सगळ्या हसल्या. त्यांच्यात मीच मोठ्यानं हसले, म्हणजे मी त्यांच्यातली होईन असं वाटलं असेल मला. तोरण मी दाराला लावलंच नाही. पहिल्या पोळ्याला कात्रीनं कापलं आणि मणी बैलांच्या माथ्यावर बांधायला दिले. पाऊस लागला होता, गावभर मिरवून बैल परत आले तेव्हा निम्मे मणी चिखलात गेले होते.

माझ्या डोळ्यांचं आमच्या घरच्यांना, म्हणजे नवऱ्यालाच, कळलं. रानात भाकरी घेऊन गेले आणि घरचेच समजून शेजारच्या बांधावरच्या परक्या माणसापुढं टोपलं ठेवलं. घरचे पोट धरून हसले, पण दुसऱ्या आठवड्यात मला मोटारीनं अकोल्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडं घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावला आणि औंढ्याला दिसलं होतं तसंच सगळं लख्ख दिसलं. मी मायच्या चष्म्याचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, "लांबचं न दिसणाऱ्याचं भिंग वेगळं आणि चाळिशीचं वेगळं. तुमचं भिंग आईंना लावलं तर होतं नव्हतं तेही दिसायचं नाही." बारीक कामासाठी म्हणून त्यांनी जाड भिंगांच्या दोन चाळश्या बरोबर दिल्या. म्हणाले, हातातली सुई जिच्यातून स्वच्छ दिसेल ती त्यांनाच निवडू द्या.

दिवाळीला माहेरी गेले. मायनं पहिली लावून काढली. दुसरी लावली, सुई घेतली, आणि एका झटक्यात दोरा नेढ्यातून पार. मग कितीतरी वेळ ती स्वतःचेच हात बघत बसली. "किती सुरकुतले गं," म्हणाली.

मी तिच्या मांडीवर डोकं टेकून रडले. "तवाच का न्हाई बोललीस, माय?"

"चष्मा मला न्हाई, तुलाच लागतो असं बोलले असते, तर तुझे डोळे अधू हायत हे उभ्या गावाला कळलं असतं. मग तुला कुणी केली असती? चष्मा माझ्या नाकावर होता तंवर तुझ्याकडं कुणी बघत न्हवतं." असं म्हणून तिनं माझे डोळे पुसले आणि विचारलं, "तुझं तोरण मी एकदाबी धड बघितलं न्हाई बघ. कसं झालं गं?"

"लई चांगलं," मी म्हटलं. "दारावर लावलंय."

"मग येते की बघायला. हरभरा निघाला का येते."

सासरी परत आले ती हिंगोलीहून मणी घेऊनच, आणि रोज दुपारी दार लावून ओवत बसले. ती येण्याआधी तसंच तोरण करायचं होतं, दोन चोचींचा मोर, निळा राघू, सगळं तसंच. पण मायचा हात मला कुठला? निम्म्यावर आलं आणि रझाकारांची धामधूम वाढली, बाजार बंद पडले, मणी संपले. हरभरा निघाला तरी रस्त्यानं गाडी जुंपायची कुणाची छाती होईना. माय येऊ शकली नाही.

उन्हाळ्यात कुरुंद्याचा एक माणूस आडवाटेनं पायी आला. माय तापानं गेली होती, आणि जाऊन चार दिवस झाले होते.

तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. मनात आलं, सुटले बाई, आता ती दार बघायला येणार नाही. मग मी हंबरडा फोडला. बायका धावत आल्या, मला पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, मायवर किती जीव होता पोरीचा.