निनादची वाळूच्या रंगाची चिमणी

पक्षी बघायला जाणाऱ्यांकडे पक्षी कमी आणि गोंधळाचे किस्से जास्त साठतात. अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावच्या ग्रुपकडे तर नुसते किस्सेच आहेत, आणि त्यातले बहुतेक निनादचे.

निनाद नागपूरचा, माझ्याच ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टर. त्याला इप्सविच स्पॅरो बघायची होती. ही चिमणी घरटं बांधते कॅनडाजवळच्या एकाच वाळूच्या बेटावर, आणि हिवाळ्यात आमच्या कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर येते. रंग वाळूचा, बसते वाळूत.

"मग दिसणार कशी?" त्याच्या बायकोनं, मीनलनं विचारलं.

"तेच तर!" निनाद खूश होऊन म्हणाला.

*

पहिल्या ट्रिपला मीच एक फिकी चिमणी शोधून दिली. निनादनं दुर्बीण लावली. "उन्हानं फिकी दिसतेय." तेवढ्यात ढग आला. "आता ढगानं दिसतेय." चिमणी कंटाळून उडाली. चार तास ड्राइव्ह करून आम्ही घरी.

*

पुढच्या हिवाळ्यात त्याला स्वतःलाच दिसली, अगदी स्वच्छ. मीनलनं पेढ्यांऐवजी डोनट काढले.

"थांब ना यार. एकदा दिसलं म्हणजे काही नाही. रिप्रोड्यूस झालं पाहिजे, पुन्हा तसंच दिसलं पाहिजे," निनाद म्हणाला.

ऑफिसातही हा असाच. माझा एक बग दुरुस्त होऊन महिने लोटले, तरी 'अजून एकदा तपासतो' म्हणत यानं तो क्लोज केला नव्हता.

*

एकदा आम्ही तिघं एका झुडपाकडे टक लावून उभे. बघता बघता मागे अमेरिकन मंडळी जमली. एक आजोबा म्हणाले, "ब्यूटिफुल." आम्ही चाट पडलो. यांना दिसली, आणि आपल्याला नाही? थोड्या वेळानं त्यांनी हळूच मला विचारलं, "कुठे आहे?"

*

मग लेऑफ आले. निनादची नोकरी गेली, तिच्यामागे व्हिसा. त्याची गाडी विकून झाली होती, म्हणून ते दोघं भारतात परतण्याआधीच्या शेवटच्या रविवारी माझ्या गाडीनं गेलो. मला फार वाईट वाटत होतं. आज कुठलीही चिमणी दिसो, हीच ती म्हणून शपथ घ्यायची, असं मी ठरवलं होतं.

"आज नाही दिसली तर राहूनच जाईल," निनाद म्हणाला.

दिवसभर काही नाही. वाऱ्यानं डोळ्यांत वाळू. परत फिरताना निनाद एकदम थांबला आणि त्यानं दुर्बीण लावली. कितीतरी वेळ. मी तिकडे बघितलं, वाळू. मीनलनं बघितलं, वाळू. तिनं माझ्याकडे बघितलं, मी खांदे उडवले.

शेवटी निनादनं गळ्यातली दुर्बीण काढली आणि माझ्या हातात दिली.

"क्लोज कर," म्हणाला, आणि गाडीकडे चालू लागला.