सनाला एकटीला विचारलेला प्रश्न

"सह्या झाल्यात सगळ्या, सिस्टर. बाळाला आत घ्या," डॉ. पाटणकर हात धुता धुता म्हणाले.

मी घेतलं नाही. फाइल उघडी धरून दारातच उभी राहिले. माझी ही सवय सरांना चांगली ठाऊक होती आणि ती त्यांना कधीच आवडली नाही.

मुंबईजवळ, जेसल पार्कमधल्या एका छोट्या हॉस्पिटलात मी बावीस वर्षं ओटी सिस्टर होते. ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर. पेशंट टेबलावर जाण्याआधी त्याचे कागद शेवटचे तपासायचे, हे माझं काम. पाटणकर सर लहान मुलांचे सर्जन. हात सोन्याचा, पण धीर पाच मिनिटांचा. त्या सकाळी पहिलीच केस सत्तावीस दिवसांच्या बाळाची होती. खतना, म्हणजे सुंता. लिंगाच्या टोकावरची कातडी काढायची. तेवढ्या भागापुरती भूल द्यायची, वीस मिनिटांत काम संपतं आणि दुपारी बाळ घरी जातं.

हे कायद्यात बसतं का, असं लोक मला अजून विचारतात. बसतं. आपल्याकडे मुलग्यांच्या सुंतेला मनाई करणारा कायदा नाही. मूल लहान असलं की त्याच्या वतीने आईबाप संमती देतात, आणि डॉक्टरने मुलाचं भलं बघून, काळजी घेऊन ते करायचं असतं. काही डॉक्टरांना हे पटत नाही. आजार नसताना बाळाला का कापायचं, मोठा होऊन त्याचं तो ठरवेल, असं ते म्हणतात. सर म्हणायचे, "मी नाही केलं तर हे लोक थांबणार आहेत का? भूल न देता वस्तरा चालवणाऱ्याकडे जातील." मला दोन्ही पटायचं. म्हणून मी कागदांच्या जास्त मागे लागायचे. ज्याच्या अंगाला हत्यार लागणार त्याला बोलता येत नव्हतं. त्याच्या वतीने बोलणाऱ्यांनी तरी सगळं सांगितलेलं असावं, एवढंच माझं म्हणणं.

फॉर्मवर एक प्रश्न होता: घरात कोणाला जास्त रक्त वाहण्याचा त्रास आहे का? समोर "नाही" अशी खूण होती.

"हे कोणी भरलं?" मी बाहेर येऊन विचारलं.

"मी," बाळाचा बाप इरफान म्हणाला. माणूस मूळचा चिपळूणकडचा, त्यामुळे मराठी माझ्यापेक्षा साफ. "आमच्यात सगळे ठणठणीत आहेत, सिस्टर."

"आणि बाळाच्या आईकडचे?"

इरफानने त्याच्या आईकडे पाहिलं. बाळ तिच्या मांडीवर होतं. घरात तिला सगळेच दादी म्हणत. दादी म्हणाली, "बहू का चिल्ला चल रहा है ना. बाळंतपणानंतर चालीस दिन बाहेर नाही येत ती. हम हैं ना, हमसे पूछो."

इथेच घोळ होता. हिमोफिलिया नावाचा आजार असतो. रक्त गोठवणारा एक घटक शरीरात फार कमी असतो, त्यामुळे छोटी जखमसुद्धा वाहतच राहते आणि सांध्यांत आतल्या आत रक्त साचून ते खराब होतात. हा आजार मुख्यतः मुलग्यांना होतो आणि बहुधा आईकडून येतो. आईला मात्र बऱ्याचदा काहीच त्रास नसतो. म्हणजे बापाच्या घरच्यांना कितीही विचारलं तरी उत्तर मिळणार नाही, चौकशी मामाची करायला हवी. लग्नात आपण मामाला केवढा मान देतो, पण आमच्या फॉर्ममध्ये त्याला जागाच नव्हती.

"फोन लावा तिला," मी म्हटलं.

आतून सर ओरडले, "सिस्टर, बापाची सही आहे. कायद्याने पुरे आहे!"

"कायद्याने आहे, सर. दोन मिनिटं द्या."

दादीने पूनम सागर वस्तीतल्या त्यांच्या घरी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. बाळाच्या आईचं नाव सना. मी तिला तोच प्रश्न विचारला. ती म्हणाली, "नाही सिस्टर, कोणाला नाही."

"भाऊ आहे तुला?"

"एक आहे."

"त्याचा खतना नीट झाला होता?"

"अरे, ठीक ही हुआ होगा!" दादीने मध्येच तोंड घातलं.

"हो," सना म्हणाली. "ठीक झाला." आवाज एवढासा झाला होता.

मला तो आवाज आवडला नाही. "इथे रेंज नीट नाही," असं म्हणून मी फोन उचलला आणि धुतलेले गाऊन ठेवायच्या खोलीत गेले. रेंज फुल होती. नोकरीत मी फारसं खोटं बोलले नाही, पण हे बोलले. दार लावलं, स्पीकर बंद केला.

"सना, आता मी एकटी आहे. भावाचं काय झालं होतं?"

ती रडायलाच लागली. खतन्यानंतर तिच्या भावाचं, फैजानचं, रक्त थांबत नव्हतं. महाडजवळचं गाव. तालुक्याच्या डॉक्टरने रक्त चढवलं आणि मुंबईला न्या म्हणाला. पण रक्त थांबलं तशी कोणी नेलंच नाही. आता फैजान वीस वर्षांचा होता, गुडघा वारंवार सुजायचा, कॉलेज सुटलं होतं. घरात सगळे म्हणायचे, नजर लागलीय. सनाचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या आईने बजावलं होतं, सासरी यातलं अवाक्षर काढायचं नाही.

"आणि तरी तू बाळाला पाठवलंस?" मी दबक्या आवाजात का होईना, पण ओरडलेच.

"मलापण नजरच वाटायची हो. सकाळपासून दुआ करतेय. सिस्टर, बाळाला वाचवा. पण घरी नका सांगू."

मी फोन ठेवला. बाळ वाचवणं सोपं होतं, केस थांबवली की झालं. पण मी कारण सांगितलं असतं तर त्या मुलीचा संसार भर कॉरिडॉरमध्ये उघडा पडला असता.

मी सरांना आत जाऊन सगळं सांगितलं. शेवटी म्हटलं, "ही केस आज न्हाय करायची." मी चिडले की माझ्या उत्तन गावची बोली बाहेर येते. सर त्यावर नेहमी हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत.

"बापाला काय सांगू? तो पालक आहे. त्याच्यापासून लपवता येत नाही."

"बाळाचं काहीच लपवायचं नाही. बाळाची टेस्ट करा, रिपोर्ट बापाच्या हातात द्या. भावाची गोष्ट सनाची आहे. ती सांगेल तेव्हा सांगेल."

सरांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मग ग्लोव्ह्ज काढून बादलीत टाकले. "वकिली करायला हवी होती तुम्ही."

बाहेर इरफान भडकला. घरी पाहुणे जमले होते, बिर्याणी शिजत होती. "काल तर टेस्टची गरज नाही म्हणालात!"

"काल माझं चुकलं," सर म्हणाले. "रक्ताची तपासणी झाल्याशिवाय मी याला हात लावणार नाही."

इतक्या वर्षांत "माझं चुकलं" हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले. त्या क्षणी मला सरांचा अभिमान वाटला आणि स्वतःचा त्याहून जास्त. खोटी नम्रता मला जमत नाही.

रिपोर्ट यायला काही दिवस लागले. हिमोफिलियाच होता, आणि तोही तीव्र. त्या सकाळी कातडी कापली असती तर रक्त थांबलं नसतं, आणि ते थांबवण्याचं औषधच आमच्या त्या छोट्या हॉस्पिटलात नव्हतं.

सनाचे चाळीस दिवस झाल्यावर सरांनी इरफान, सना आणि दादी तिघांनाही केबिनमध्ये बोलावलं. इरफानने विचारलं, "हे आलं कुठून?" सर म्हणाले, "बहुधा आईकडून येतं. कधी घरात कोणालाच नसताना नव्यानेही होतं." बस्स, एवढंच. खरं तेच सांगितलं, आणि तिचं गुपित तिच्याजवळच राहिलं.

सनाने ओढणी आवरली आणि म्हणाली, "माझ्या भावाला आहे."

इरफान तिच्याकडे वळला. "लग्नाआधी सांगितलं असतंस तर?"

"तर तुम्ही केलं असतंत?"

मी दाराशी उभी होते. आता दादी काय बोलणार, याची मला धास्ती होती. दादी म्हणाली, "वो लडका अभी किधर है? त्याला कोणी दाखवलं की नाही डॉक्टरला?" मला तिला मिठी मारावीशी वाटली.

बाळाचा खतना पुढे मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलात झाला. रक्त गोठवणारा तो घटक आधी सुईने देऊन, नंतर काही दिवस ॲडमिट ठेवून. चांगला झाला. आईबापांनी मिळून ठरवलं, दोघांनी सह्या केल्या. कायद्याला एक चालली असती.

फैजानही आला, कुबडी घेऊन. सरांनी त्याचा गुडघा तपासला, पुढच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहिली. त्याने विचारलं, "हे लहानपणी कळलं असतं तर गुडघा वाचला असता?"

सर लिहीत राहिले. मग मीच म्हटलं, "हो बाळा, बराचसा वाचला असता."

त्याने मान हलवली. कुबडी सावरत म्हणाला, "चला, भाच्याचा तरी वाचेल."

त्या आठवड्यात मी सरांकडून फॉर्म बदलून घेतला. आता त्यात मामाची वेगळी ओळ आहे, आणि ती आईला एकटीला विचारून भरायची आहे. सही कोणाची चालते हे कायद्याने ठरवून दिलंय. कोणाला विचारायचं, आणि विचारताना खोलीत कोण नको, हे आपलं आपल्याला ठरवावं लागतं.