शुगर नसलेल्या माणसाला इन्सुलिन

गेल्या शनिवारी सकाळी चहासाठी हाक मारली, तर आमचे अब्बा खाटेवरून उठेचनात. "पैरों में जान नहीं बेटा," म्हणाले. आवाज एकदम शांत... मला वाटलं, तापाचा अशक्तपणा असेल.

अब्बांचं सगळं आयुष्य इथे नंदुरबारच्या मिरची मार्केटात मिरची तोलण्यात गेलं. आता वय बहात्तर. बीपीची गोळी चालू आहे आणि तीन वर्षांपासून किडनी जरा कमजोर आहे.

त्या शनिवारच्या आधीच्या आठवड्यात त्यांना ताप आला आणि भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. आमच्याकडे आजारी माणसाला बघायला रिकाम्या हाताने कुणी जात नाही. मार्केटवाले येताना नारळपाणी आणायचे... ब्राह्मणपुरी गावच्या दोघा जुन्या ओळखीच्या शेतकऱ्यांनी तर पपयांची पाटीच आणून ठेवली. "चाचा, घरनी पपई शे, काही व्हत नही!"

शेतकऱ्याने प्रेमाने आणलेलं परत पाठवायचं नाही, हा अब्बांचा कायदा. आणि ती पपई कापून त्यांच्यापुढे कोण ठेवत होतं? मी! दिवसाला तीन-तीन नारळ फोडून देणारी पण मीच. शाळेत पोरांना आहारावर भाषणं देणारी बाई...

रिक्षात घालून त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी नाडी धरली, लगेच ईसीजी काढायला लावला, रक्त घेतलं. मग मला एकच प्रश्न विचारला, "आठवडाभर काय काय खाल्लं यांनी?"

मी मोठ्या कौतुकाने यादी सांगितली. डॉक्टर चिडले नाहीत. म्हणाले, "ताई, फळं, नारळपाणी वाईट नाही, पण त्यांत पोटॅशियम भरपूर असतं आणि यांची किडनी ते बाहेर टाकू शकत नाही. त्यात बीपीची ही गोळीही ते वाढवते. रक्तात फार साठलंय, हृदय कधीही थांबू शकतं."

माणूस माझ्याशी बोलतोय, पाणी मागतोय... आणि हृदय थांबेल?

आधी त्यांनी शिरेतून कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, अगदी हळूहळू, मॉनिटरकडे बघत. याने पोटॅशियम कमी होत नाही, पण हृदयाला तेवढा वेळ आधार मिळतो, असं म्हणाले. इथवर मी गप्प होते. कौतुक आहे माझं.

मग एक सिस्टर आल्या. धडगावकडच्या, वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांच्या हातातल्या बाटलीवर मी वाचलं... इन्सुलिन.

माझं डोकंच फिरलं. अब्बांना शुगर नाही! कधीच नव्हती! दुसऱ्या कुणाचं औषध यांना टोचतायत, असं वाटून मी सिस्टरांचा हात धरला आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल असं ओरडले, "तुम्ही शिकाऊ आहात का? पेशंट तरी नीट बघा!"

सिस्टरांनी हात सोडवून घेतला नाही. तशाच उभ्या राहून म्हणाल्या, "ताई, हे शुगरसाठी नाही. इन्सुलिन रक्तातलं पोटॅशियम पेशींच्या आत ढकलतं. शुगर उतरू नये म्हणून सोबत ग्लुकोज देतेय. पण आत्ता द्यायला हवं."

मला काही पटेना. भांडायला लागले की मी कुणाच्या बापाला ऐकत नाही... स्वतःच्यासुद्धा! इतक्यात अब्बांनी डोळे उघडले. "हाथ छोड़ उसका," एवढंच म्हणाले.

मी हात सोडला.

इन्सुलिन झालं, ग्लुकोज झालं. मग दम्याच्या पेशंटला लावतात तसा वाफेचा मास्क लावला. अब्बांना दमा पण नाही, पण या वेळी मी तोंड उघडलं नाही. ते औषधही पोटॅशियम आत ढकलतं, हे सिस्टरांनी मी न विचारता सांगितलं.

दिवसभर त्या तासातासाला येऊन अब्बांच्या बोटातून रक्ताचा थेंब घेत होत्या, साखर उतरली तर नाही ना म्हणून. डायलिसिसची तयारी ठेवली होती, पण लघवी चांगली होत होती, त्यामुळे ते लागलं नाही. दुपारच्या रिपोर्टमध्ये पोटॅशियम उतरलं आणि डॉक्टर पहिल्यांदा हसले. मी तिथेच रडले, लाज न बाळगता.

मंगळवारी सुट्टी मिळाली. बीपीची गोळी बदलली आणि खाण्याच्या पथ्याचा कागद मी या वेळी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. खरं तर असाच कागद तीन वर्षांपूर्वीही मिळाला होता. मी त्यात 'मीठ कमी' एवढंच वाचून तो फाईलमध्ये घातला होता.

निघताना सिस्टरांना गाठलं. माफी मागायची होती, पण मी सुरुवात करायच्या आत त्याच हसल्या. "जाऊ द्या ताई, रोज कुणी ना कुणी ओरडतं. तुम्ही निदान ऐकलंत."

मी मान डोलावली आणि निघून आले. तेव्हापासून ते वाक्य मला झोपू देत नाहीये... कारण सिस्टर, मी ऐकलंच नव्हतं. एका अनोळखी मुलीवर विश्वास टाकला तो अब्बांनी, जीव जात असताना. मी फक्त हात सोडला.