लोणारच्या मिस्त्रीनं इंजिन बंद करायला लावलं

देवावर माझा राग नव्हता, पण भरवसाही नव्हता. भरवसा होता तो स्वतःच्या कानावर. सोनाळ्याला आमचा भाजीपाल्याचा मळा, विहिरीवर तेलाचं इंजिन, आणि त्या इंजिनाशी झटता झटता मी आसपासच्या गावांत इंजिनाचा वैद्य म्हणून नावाजला गेलो होतो. कुणाचं इंजिन कुरकुरलं की माणूस सायकल मारत माझ्याकडे यायचा. मी विहिरीवर जाऊन डोळे मिटून उभा राहायचो आणि झाकण न उघडता सांगायचो, टॅपेट ढिलं झालंय, नाहीतर पिस्टन घासतोय. बहुतेकदा ते खरं निघायचं. त्यामुळे मी चांगलाच शेफारलो होतो, हे आज कबूल करतो.

त्यात मी एक जुनी फटफटी घेतली. एका निवृत्त फौजी साहेबांची होती. त्यांना लांबच्या मुलखात भटकायची हौस, म्हणून मागं सामानाचं भक्कम कॅरिअर, दोन्ही अंगांना कातडी पिशव्या आणि दिवसभर बसलं तरी कंबर धरणार नाही अशी रुंद सीट. गाडीचं वय झालं होतं, पण आवाज असा खणखणीत की संग्रामपूरच्या बाजारात बैलं बिचकायची. मी तिला जीव लावला. बायको म्हणायची, पोरीपेक्षा हिचेच लाड जास्त.

पोर आमची दोन वर्षांची. त्या साली गोवर उलटून तिच्या छातीत कफ साठला आणि चार दिवस ती आईचं दूधही ओढेना. बायकोचं माहेर लोणारकडचं. तिनं सरोवराकाठच्या कमळजादेवीला नवस बोलला, की पोर उठली तर नवरात्रात तुझ्या पायांवर आणून घालीन. पोर उठली. मी मनात म्हणालो, डॉक्टरच्या सुयांनी उठली. पण नवसाला नाही म्हणायची माझी छाती नव्हती, आणि खरं सांगायचं तर फटफटीवरून एवढा लांबचा पल्ला मारायची संधीही मला सोडायची नव्हती.

अष्टमीला पहाटे निघालो. निघताना आईनं माझी पान्ह्यांची पिशवी काढून घेतली. खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं पाटावर पुजायची, दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही, ही आमच्याकडची रीत. मी चिडलो, पण आईपुढे कुणाचं चालतं? खामगाव सोडून घाट चढायला लागलो आणि गाडीतून एक नवाच आवाज आला. टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. खड्ड्यात हमखास यायचा, ब्रेक दाबला की यायचा.

"हे काय वाजून राह्यलं हो?" मागून बायकोनं विचारलं.

"टॅपेट हाय. तू बिनघोर बस. माह्या कानाले समजते."

तिनं पोरीला पदराखाली घेतलं आणि सावरून बसली. रात्री मेहकरला तिच्या मावशीकडे उतरलो आणि नवमीला सकाळी लोणारला पोचलो. झाडीतल्या पायवाटेनं खाली उतरून देवळात गेलो. बायकोनं ओटी भरली, पोरीला देवीच्या पायांवर घातलं, तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी मात्र हात जोडून उभा राहिलो आणि मनात तो टक् घोळवत होतो. टॅपेट की पिस्टनची पिन? देवीचा चेहरा कसा होता, ते वर आल्यावर मला आठवेना.

संध्याकाळच्या आत परत मेहकर गाठायचं आणि दसऱ्याला घाट उतरून घरी, असा बेत होता. निघण्याआधी टॅपेट तेवढं आवळून घ्यावं म्हणून गावातल्या एका मिस्त्रीकडे गेलो. म्हातारा माणूस. ओट्यावर धुतलेल्या फडक्यावर पान्हे, पेचकस, हातोडी मांडून, हळद-कुंकू आणि झेंडू वाहून सुपारी कातरत बसला होता.

"मिस्त्री, दोन मिनिटांचं काम हाय. टॅपेट आवळा."

"आज हत्याराले हात नाही लावत मी. परवा या."

"मंग मले द्या पान्हा. मी करतो."

"तुमालेही नाही देत," म्हातारा शांतपणे म्हणाला. "आवाज मातर आयकतो. कानाची काही पूजा नसते मांडली."

मला हसू आलं नाही. मी किक मारली आणि त्याला टॅपेट कुठं वाजतंय ते दाखवायला लागलो. त्यानं हात वर केला.

"इंजिन बंद करा."

"बंद केल्यावर आवाज कसा येईन?"

"करा तं खरं. आता ढकला."

मी गाडी ढकलली. त्यानं पुढचा ब्रेक दाबायला सांगितला. दाबला. टक्.

मी जागच्या जागी उभा राहिलो. इंजिन बंद होतं आणि आवाज आला होता. माझ्या उभ्या आयुष्यात मी ऐकलेली सगळी इंजिनं विहिरीवर एका जागी सिमेंटात रोवलेली. तिथं काही वाजलं तर ते इंजिनच वाजणार. धावणाऱ्या गाडीत इंजिनाखेरीज आणखीही काही वाजू शकतं, हे इतक्या मैलांत माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. आवाज तरी किती वेळा सांगत होता, मी खड्ड्यात येतो, ब्रेकला येतो!

म्हाताऱ्यानं हँडलखालच्या मानेवरून, जिथं पुढच्या चाकाचा चिमटा गाडीच्या सांगाड्याला जोडलेला असतो तिथून, अंगठा फिरवला. धोतराच्या सोग्यानं तिथलं तेल-माती पुसली. मग पूजेतलं चिमूटभर कुंकू घेऊन त्या लोखंडावर चोळलं आणि पुन्हा पुसून काढलं. सगळं कुंकू निघालं, पण एक बारीक लाल रेघ मागं राहिली. जवळजवळ सगळ्या नळीला वेढा घातलेला तडा होता तो.

"बसा गाडीवर. ब्रेक धरून पुढं रेटा. हळू."

मी रेटलं. दुसऱ्यांदा रेटलं. तिसऱ्या वेळी बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला, हँडल माझ्या हातांसकट खाली गेलं आणि मी तोंडावर आपटणार तोच म्हाताऱ्यानं मला बगलेत धरलं. पुढचं चाक चिमट्यासकट एका अंगाला कलंडलं होतं. बायको समोरच्या ओट्यावर पोरीला केळं भरवत होती. ती पोरीला घेऊन धावत आली. मी त्या दोघींकडे नुसता बघत राहिलो.

म्हाताऱ्यानं पान्हा दिला असता तर? मी टॅपेट आवळलं असतं, दोघींना मागं बसवलं असतं आणि घाट उतरायला लागलो असतो. पुढचं चित्र मी अजूनही पुरतं डोळ्यांपुढे आणू शकत नाही. मी म्हाताऱ्याच्या पाया पडलो. तो संकोचून म्हणाला, "माह्या काय पाया पडता भाऊ, मी तं आज सुट्टीवर होतो."

दसऱ्याला दुपारी एसटीनं निघालो. गाडी तिथंच ठेवली. घाट सुरू झाला तेव्हा पोर माझ्या मांडीवर झोपली होती आणि खिडकीतून खालची दरी दिसत होती. तिथं मी बायकोला सगळं सांगितलं, माझा कान कसा चुकला तेही. तिनं पोरीच्या पाठीवर हात ठेवला.

मी विचारलं, "तुले भेव नव्हतं वाटलं? एवढा आवाज येत होता."

"वाटलं होतं ना. पण तुमी म्हणले बिनघोर बस. मंग बसली."

एवढंच म्हणाली आणि पदरानं पोरीचं तोंड पुसलं. मला हुंदका आवरेना. एसटीतली माणसं वळून बघायला लागली. जो काही जाणत नव्हता, अशा माणसावर तिनं आपला आणि लेकराचा जीव टाकला होता, एक शब्द न विचारता. आणि मी, देवीच्या पुढ्यात उभा राहूनसुद्धा, टॅपेटची एक चिंता तिच्या पायांशी ठेवू शकलो नव्हतो. देवीनं तरीही आम्हाला धरून ठेवलं. ते तिनं कसं केलं, यावर मी वाद घालत नाही. घाटाच्या शेवटच्या वळणावर मी पोरीच्या अंगावरून हात न काढता डोळे मिटले आणि मनातल्या मनात देवीला म्हणालो, आई, आता मी मागं बसतो.