जहाजं माघारी बोलावणारा

रेवदंड्याहून मुरुडला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. भेगाळलेल्या बोटांनी मोबाईलवर अवकाशातल्या एका गाजलेल्या सिनेमावर बेतलेला डावपेचांचा खेळ खेळत होता. हरल्यावर त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला.

"सर, ह्या खेळाच्या ग्रुपवर माझं मत लिहून द्या. मला टायपिंग जमत न्हाय."

आमच्या घरात पहिला पदवीधर मीच. असं काम कोणी सांगितलं की मला अजूनही बरं वाटतं. ग्रुपवर बाकीचे खेळाडू चित्रांचं, आवाजाचं कौतुक करत होते.

"लिहा, खेळ चांगला हाय, पन एकदा धाडलेली जहाजं माघारी बोलावता येत न्हाईत."

लगेच कोणाचं तरी उत्तर आलं, 'भित्र्यांनी खेळू नये.' मी वाचून दाखवलं.

तो थकल्यासारखा हसला. "आमचा मालक पन हेच बोलला."

तो मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा प्रमुख होता. गेल्या आठवड्यात वारा फिरलेला पाहून, वादळ येणार म्हणून त्याने बोट मासळीविना रिकामीच बंदरात आणली, म्हणून मालकाने त्याला काढून टाकलं. आता तो दुसरी बोट शोधायला निघाला होता.

"खलाशी किती होते?" मी विचारलं.

"सात. सगळे घरी हायत," म्हणत त्याने डोळे मिटून घेतले.