बसून राहणारं कार्ड

दिवसभर शाळेत शिकवून मी तशीच गोंदियातल्या दुकानात लॅपटॉपचा चार्जर घ्यायला गेले. शेजारी तिरोड्याहून आलेला एक माणूस गेमिंग लॅपटॉपला कान लावून पंख्याचा आवाज ऐकत होता. तळहाताचा घाम सारखा पँटला पुसत होता.

"गेम का ग्राफिक्स कार्ड तगडा है, भैया," दुकानदार म्हणाला.

"पन प्रोसेसर लहान आहे ना जी. तो धापा टाकत राहील अन् कार्ड नुसतं बसून राहील."

दुसऱ्या लॅपटॉपमध्ये नेमकं उलटं होतं. त्या माणसाचा चेहरा आणखीच उतरला. एकदम त्यानं मला विचारलं, "ताई, तुमच्याकडे दोघांतलं कोन बसून राह्यते?"

तो लॅपटॉपचंच विचारत होता. तरी मी चार्जरचे पैसे पुन्हा मोजायला लागले.

तेवढ्यात सकाळपासून घरीच असलेल्या नवऱ्याचा फोन आला, "कधी येऊन राहिली? भूक लागली."